मदत हवी आहे: रक्तवाढीची गोळी आणि बाबांचा जुना कॅन्सर

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे. एक किडनी ७ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढली, दुसरी आता थकली आहे. हिमोग्लोबिन ८.४. एरिथ्रोपोएटिनच्या (किडनीत बनणारं, रक्त वाढवणारं संप्रेरक) इंजेक्शनांना ते कंटाळले, म्हणून डॉक्टरांनी डेसिड्युस्टॅटची गोळी सुचवली.

मला समजलं ते असं: ऑक्सिजन पुरेसा असला की पेशीतली एन्झाइम्स एचआयएफ या प्रथिनावर खूण करतात आणि व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण बघून त्याला मोडीत काढायला पाठवतं. ऑक्सिजन कमी पडला की खूणच होत नाही. एचआयएफ टिकतं, एरिथ्रोपोएटिन वाढतं, नव्या रक्तवाहिन्यांनाही चालना मिळते. (२०१९चं वैद्यकातलं नोबेल याच शोधाला.) गोळी ती एन्झाइम्स अडवते, म्हणजे घरबसल्या शरीराला लेहला नेऊन ठेवते म्हणा ना!

घोडं अडलंय ते पुढे. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेकदा व्हीएचएलच बिघडलेलं असतं आणि एचआयएफ मोकाट सुटतं. बाबांच्या जुन्या रिपोर्टवर नेमकं हेच नाव आहे. त्या कॅन्सरवरचं बेल्झुटिफॅन हे औषध तर उलट एचआयएफ-२ लाच (एचआयएफचाच एक प्रकार) रोखतं.

जुनी फाइल नव्या डॉक्टरांनी पाहिलेलीच नाही, हे काल कळलं. चूक आमचीच. गोळी अजून सुरू केलेली नाही, सोमवारी भेट आहे. कॅन्सर होऊन गेलेल्यांना ही गोळी देताना काय पाहतात? आधी स्कॅन, फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी) करून घ्यावं का? कुणी नेफ्रॉलॉजीतलं असेल तर कृपया सांगा.