सैन्यातले जवान आणि जीबीएस: धोका नक्की कशाने वाढतो?

खडूफळा
वैद्यकीय सहायकांच्या प्रशिक्षणासाठी जीबीएसवर (गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडतात तो आजार) दोन पानी टिपण करतोय. वाचायला मिळतं ते एक तर 'लस टोचली की होतो' असं, नाही तर 'कारण अज्ञात' असं. मला हवंय ते असं: जवानांच्या बाबतीत जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या, त्यांतल्या टाळता येण्याजोग्या किती, आणि तळावरच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी काय निसटतं?

चेतातंतू
आधी पाया. सर्वसाधारण लोकसंख्येत वर्षाला लाखामागे १ ते २ रुग्ण. वयाबरोबर प्रमाण वाढतं, पुरुषांत थोडं जास्त. जवान तरुण असतात, म्हणजे वयाच्या हिशेबाने त्यांचा धोका कमीच. वर्दीमुळे जीबीएस होत नाही. वर्दीमुळे ज्या परिस्थितीत राहावं लागतं, तिथे आधीचा जंतुसंसर्ग जास्त होतो, आणि खरी जोखीम तीच.

सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला-ताप होऊन गेलेला असतो. ओळखू आलेल्या जंतूंत पहिला नंबर कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचा. त्याच्या बाहेरच्या आवरणातले काही रेणू आपल्या चेतातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे (जीएम१ वगैरे) असतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच नसांवर उलटतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार संसर्गांमागे एकाला जीबीएस होतो. त्याखेरीज सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार, हिपॅटायटिस ई, झिका (२०१३-१४ ची फ्रेंच पॉलिनेशियातली साथ) आणि मायकोप्लाझ्मा. शेवटचा नवभरतीच्या बराकींच्या दृष्टीने महत्त्वाचा: दाटीने झोपणारी माणसं आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा खोकला.

टिपणात एक गोष्ट ठळक लिहा. अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने जुलाबाचे दिवस कमी होतात, पण त्याने जीबीएस टळतो असा पुरावा नाही. आग्नेय आशियात कॅम्पिलोबॅक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनला फारसा जुमानत नाही, तेव्हा तिकडे जाणाऱ्या तुकडीच्या पेटीत ते एकटं असून भागत नाही. प्रतिबंध करायचा तो पाण्याच्या टाकीपाशी आणि लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात.

सहावाकप
टाकीचा विषय निघालाच आहे तर हॉरॉक्स संच (पाणी शुद्ध करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते ठरवायचा) टिपणात घ्या. तो लष्करासाठीच तयार झाला होता आणि अजूनही उपयोगी आहे. सहा पांढरे कप, आत खूण असलेला एक काळा कप, २ ग्रॅमचे चमचे, ड्रॉपर, स्टार्च-आयोडाइडचं द्रावण.

काळ्या कपात एक सपाट चमचा ब्लीचिंग पावडर घेऊन थोड्या पाण्यात कालवायची, मग खुणेपर्यंत पाणी भरून ढवळायचं आणि गाळ बसू द्यायचा. पांढरे कप तपासायच्या पाण्याने काठाखाली साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवून भरायचे. काळ्या कपातलं निवळलेलं पाणी पहिल्यात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात ३ थेंब स्टार्च-आयोडाइड. स्पष्ट निळा झालेला पहिला कप जितकावा, तितके चमचे पावडर ४५५ लिटरला लागते. तिसरा कप निळा झाला तर ६ ग्रॅम. १०,००० लिटरच्या टाकीला साधारण १३२ ग्रॅम.

चुकतं कुठे? चाचणीला नवा डबा उघडतात आणि टाकीत मात्र कोपऱ्यात उघडा पडलेला जुना डबा ओततात. पावडरमधला क्लोरीन हवेने उडून जातो. चाचणी आणि टाकी एकाच डब्यातून केली तर पावडर किती जोरकस आहे ते हिशेबात आपोआप येतं. या संचाची खुबीच ती आहे. दुसरी चूक म्हणजे शीग लावलेला चमचा. तिसरी, गढूळ पाण्यावरच चाचणी उरकणं. आधी तुरटीने निवळून घ्या. कोरडी पावडर थेट टाकीत भिरकावू नये. बादलीत कालवून ५-१० मिनिटं ठेवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं ओता. अर्ध्या तासानंतर उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम असायला हवा, आणि तो शेवटच्या नळाला मोजायचा.

रसोई_तपासनीस
+१. पण टाकी चोख आणि लंगर तसाच, हे नेहमीचं. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतू पोटात गेले तरी पुरतात आणि बाहेर ठेवलेल्या अन्नात तो फारसा वाढत नाही. त्यामुळे 'अन्न ताजं होतं' ही सबब इथे चालत नाही. कच्च्या कोंबडीचं पाणी ज्या पाटावर सांडलं, त्याच पाटावर कांदा-काकडी चिरली की काम झालं. कोंबडी नळाखाली धुऊ नये, शिंतोडे उडतात. मोठ्या पातेल्यात हाडालगतचा जाड तुकडा काढून त्यात थर्मामीटर खुपसा, ७४ अंश सेल्सिअस हवेत. न तापवलेलं दूध बंद.

आकडेमोड
लशींबद्दल. या भीतीचं मूळ १९७६ मध्ये आहे, आणि त्याची सुरुवातही लष्करी तळावरच झाली. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्समध्ये नवभरतीत स्वाइन फ्लू आढळला, अमेरिकेने देशभर लसीकरण सुरू केलं, ४ कोटींहून जास्त लोकांना लस दिली गेली. जीबीएसचे लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण दिसले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. आजच्या हंगामी फ्लू लशीत हा जादा धोका दहा लाख डोसांमागे १-२ रुग्ण इतका आहे, आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यावरचा धोका त्याहून जास्त. अ‍ॅडिनोव्हायरसवर आधारलेल्या कोविड लशींबाबत मात्र इशारा खरा आहे, तो लपवू नये.

जवानांवरचे अभ्यास वाचताना एक मेख लक्षात ठेवा. तैनातीआधी सगळ्यांनाच लस मिळते, मग तुलना करायला लस न घेतलेला गट आणायचा कुठून? आणि त्याच सुमारास प्रवास, नवं पाणी, जुलाब हेही सुरू होतं. म्हणून त्याच माणसाचे लशीनंतरचे ४२ दिवस आणि त्याचाच इतर काळ यांची तुलना करणारा अभ्यास जास्त विश्वासाचा. शिवाय नुसत्या निदान-कोडवरून (दवाखान्याच्या नोंदीत आजारासाठी लिहायचा सांकेतिक क्रमांक) रुग्ण मोजले असतील तर 'शंका म्हणून' लिहिलेले कोडही त्यात मिसळतात. न्यूरोलॉजिस्टने पडताळणी केली होती का, ते आधी पाहावं.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. एक शंका: लांब रूट मार्चनंतर पायांत मुंग्या, कंबरदुखी तर अर्ध्या पलटणीला असते. सहायकाने ओळखायचं कसं?

चेतातंतू
बाजू बघा. पिठ्ठूच्या (पाठीवरच्या पिशवीच्या) पट्ट्याने दबलेली खांद्याची नस किंवा कमरपट्ट्याने बधिर झालेली मांडी बहुधा एकाच बाजूची असते. जीबीएस दोन्ही पायांत सारखा येतो, तासातासाने-दिवसादिवसाने वर चढतो, आणि हातोडीने ठोकल्यावर येणारा गुडघ्याचा-घोट्याचा झटका मंदावतो किंवा जातो. कंबरदुखी यातही असते, त्यामुळे 'पिठ्ठूमुळे दुखतंय' म्हणून मलम देऊन परत पाठवलं जातं. विचारायचा प्रश्न एकच: गेल्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा ताप? आणि कामचुकारपणाचा शिक्का मारण्याआधी हातोडी तरी हातात घ्या.

रक्तात पोटॅशियम आणि सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं विकर) पाहून घ्या, म्हणजे पोटॅशियम घसरणं आणि उन्हातल्या श्रमाने स्नायू विरघळणं बाजूला काढता येतं. पापण्या आधी पडल्या आणि अशक्तपणा वरून खाली उतरत असेल तर सर्पदंश किंवा बॉट्युलिझमचा (अन्नातून होणारी एक विषबाधा) विचार करा. पहिल्या आठवड्यात पाठीतलं पाणी आणि नसांची चाचणी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. तेवढ्यावरून निदान खोडू नये.

खरी घाई श्वासाची. ऑक्सिमीटरचा आकडा उशिरा पडतो, त्यावर विसंबू नका. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. २० च्या आत अडखळला, मान उशीवरून उचलता येईना, किंवा गिळताना ठसका लागला तर व्हेंटिलेटरची सोय असलेल्या गाडीतूनच हलवा. साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. तिथे पोचल्यावर इम्युनोग्लोब्युलिन, किलोला ०.४ ग्रॅम रोज, ५ दिवस. किंवा प्लाझ्मा बदलणं. स्टिरॉइडचा यात उपयोग नाही. श्वासासाठी नळी घालायची वेळ आली तर सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) वापरू नये, पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकतं. रेफरलच्या चिठ्ठीवर हे लिहून द्या.

सहावाकप
आणि त्याच चिठ्ठीसोबत शौचाचा नमुनाही जाऊ द्या, कॅरी-ब्लेअर माध्यमात (वाहतुकीत जंतू टिकवून ठेवणारं). जुलाब थांबून दोन-तीन आठवडे झालेले असतात, कल्चर बऱ्याचदा रिकामं येतं, पीसीआर मागा. एका रुग्णाचा नमुना पॉझिटिव्ह आला की त्याच लंगरात जेवणाऱ्या बाकीच्यांची जुलाबाची नोंदवही काढायची.