डबल ट्रॉलीला 20 हजारात आधी काय करून घेऊ?

वारणाकाठ
मंडळी, 50 एचपीचा ट्रॅक्टर आहे. दोन ट्रॉल्या जुन्या घेतल्यात, हंगामात भाचा ऊस ओढणार. दोन्ही भरून 18-20 टन होतात आणि कोडोलीकडचा उतार रोजचा. मागच्या ट्रॉलीचे दोन टायर गुळगुळीत, हूक झिजलाय, लाइट एकही लागत नाही. बजेट 20 हजार, वर रुपया नाही. आधी काय करू? रोज निघताना काय बघायचं तेही सांगा.

शिरोळकर_भाऊ
20 हजारात काय हुतंय? सरळ 60 एचपी घ्या. मी गेल्या साली घेतला. पॉवर स्टिअरिंग, तेलातले ब्रेक. चढाला नुसता पळतोय.

वारणाकाठ
भाऊ, बजेट वाचलं का?

गॅरेजवाला_तात्या
ओढायचं सगळे बघतात, थांबवायचं कोण बघत नाही. पहिला हूक. माझ्याकडं एक डबा, म्हणजे ट्रॉली, आला होता, पिनेला खाली कॉटरच्या (पीन वर येऊ नये म्हणून घालायच्या खिळीच्या) जागी बांधायची तार! खड्ड्यात पीन वर उडाली, डबा रस्ता सोडून कुणाच्या तरी हरभऱ्यात. झिजलेल्या हुकावर वेल्डिंगचा थर चढवून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, बदला. ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या ओढदांड्याच्या, जोडावरचा रंग खरवडून बघा. गंजाची बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे. आणि दोन्ही जोडांना साखळ्या, ड्रॉबारखालून फुलीसारख्या घालायच्या. हूक सुटला तर ड्रॉबार साखळीवर पडतो, रस्त्यात रुतत नाही.

उसाचा_फड
टायर नवेच घ्या. रिमोल्डनं, म्हणजे जुन्यावर नवा रबर चढवलेल्या टायरनं, मला रात्री 2 वाजता रस्त्यावर बसवलंय. भरलेला डबा, जॅक मातीत घुसतोय, मागनं ट्रकवाले शिव्या घालतायत. त्या रात्रीचं काय सांगू.

रिकामटेकडा
दोन ट्रॉल्या मुळात चालतात का कायद्यानं?

शिरोळकर_भाऊ
तुम्ही साखर खाता का चहात?

रिकामटेकडा
गुळाचा पितो.

मेलबर्नकर
इकडे ऑस्ट्रेलियात मी बी-डबल चालवतो, एका ट्रकमागं दोन ट्रेलर, 26 मीटरपर्यंतची गाडी. आतल्या ओसाड भागात रोड ट्रेन, म्हणजे आणखी ट्रेलर जोडलेला ट्रक, 53.5 मीटरपर्यंत असते. जोडणी झाली की ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून गाडी हळूच पुढे ओढून बघायची, जोड खरंच अडकलाय का ते कळतं. आणि झटक्यात स्टिअरिंग मारू नका. पुढं तुम्हाला जरासं वाटतं, शेवटचा डबा मोठा झोका घेतो.

वारणाकाठ
आमच्या ट्रॉलीला ब्रेकच नाहीत साहेब. काय अडकवून ओढू?

मेलबर्नकर
चाकाला दगड लावा की!

गॅरेजवाला_तात्या
बरोबर सांगतायत. पण रिकामी असताना, आणि मधे माणूस उभा नको.

घाटातला
उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे खूप बघितलेत. 20 टन मागनं ढकलायला लागले की ट्रॅक्टर आडवा होतो. ज्या गिअरात चढलात त्यातच उतरा, आणि तो गिअर उतार लागायच्या आधी माथ्यावरच टाका, मधे उतारात बदलायला जाऊ नका. दुसरं, शेतातनं रस्त्यावर आलं की दोन्ही ब्रेक पेडलांची पट्टी जोडायची. एकच पेडल दाबलं गेलं तर एकच चाक धरतं. आमच्या पोराचा असाच गेला होता. ओढ्याच्या कठड्यानं वाचवला.

उसाचा_फड
हेच म्हणणार होतो, न्यूट्रल नको. आणि टायर नवेच.

माईंचा_मळा
रात्री मागून येणाऱ्याला काय दिसतं? काळा ऊस आणि काळा डबा. आमच्या शेजारचा मुलगा दुचाकीवरून असाच आदळला, पायात अजून रॉड आहे. मागे लाल, बाजूंना पिवळी रेडियम पट्टी लावा, लोंबते वाढे त्यावर येऊ देऊ नका. कारखान्यावर हंगामाच्या सुरुवातीला कधी कधी फुकट वाटतात, विचारा. ट्रॉल्यांचे नंबर विम्यात आहेत का तेही बघा. आणि भाच्याला सांगा, टेप बारीक. मागे कोण हॉर्न वाजवतंय ते ऐकू यायला नको?

शिरोळकर_भाऊ
टेपाशिवाय रात्रीची खेप? झोप लागंल की पोराला.

गॅरेजवाला_तात्या
रोजचं सांगायचं राहिलं. नटाखाली गंजाचा ओघळ दिसला की नट ढिला. पाट्याचे (स्प्रिंगचे) यू-बोल्ट बघा. कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसताच, तर पोचल्या पोचल्या सगळ्या हबांजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन बघा. एकच तापला असेल तर बेअरिंग चाललंय. जड डबा पुढं, हलका मागं.

वारणाकाठ
आभार सगळ्यांचे. दोन्ही हूक आणि पिना नव्या, साखळ्या, लाइटचं वायरिंग करून घेतलं. रेडियम फुकट मिळालं, माई. उरलेल्यात टायर रिमोल्डच बसले, फडवाले रागावू नका. जड डबा मात्र मागंच राहणार, त्याचा ड्रॉबार आखूड आहे, पुढं लावला की वळताना ट्रॅक्टरच्या चाकाला घासतो.

गॅरेजवाला_तात्या
मग ड्रॉबार वाढवून घ्या! नाहीतर मागचा कमी भरा.

वारणाकाठ
कमी भरा म्हटलं की टोळीवाला ऐकतोय व्हय. बघतो. भाच्यानं स्वतःच्या पैशानं टेप बसवलाय, 8 बॉक्सचा. मला विचारलं पण नाही.

शिरोळकर_भाऊ
60 एचपीचं बघा एकदा.