इंदूरहून फराळाची ऑनलाइन विक्री, गिऱ्हाईक टिकवायचं कसं?

प्रश्न: मी घरून शेव-चिवडा विकते, इन्स्टावर जाहिराती देते, ऑर्डर येतात पण तेच लोक परत येत नाहीत, काय करू?

उत्तर: ताई, जाहिरात थांबली की ऑर्डरही थांबते, म्हणून पार्सल पोचलं की स्वतः विचारा कसं लागलं, तिखट जास्त झालं का वगैरे, आणि तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा कारण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) मेसेज नंबर सेव्ह असलेल्यांनाच जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण.

उत्तर: दादांचं बरोबर. शिवाय पापड-लोणचीवाल्यांशी जोडून घ्या, एकमेकांच्या पोस्ट शेअर करा. मात्र आधी त्यांचा माल खाऊन बघा, नाव तुमचंही पणाला लागतं!

प्रश्नकर्ती: दिवाळीचे जुने नंबर आहेत, आजपासूनच फोन लावते.