ओळख पटवून देणाऱ्या जाणकारांना 'तज्ज्ञ' म्हणावं का?

तापीकाठ (जळगाव):
मंडळी, गेल्या पावसाळ्यात यावलच्या जंगलातल्या गवतांचे साठेक फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या जीवांच्या नोंदी लोकांनी टाकायच्या आणि ओळखायच्या संकेतस्थळावर, टाकले. आठवडाभरात बहुतेकांची ओळख पटली, आणि ती पटवली एकाच माणसाने. चोपड्याकडचे निवृत्त शिक्षक आहेत. मारवेल, शेडा, पवन्या ही नावं गुराख्यांनाही ठाऊक, पण नुसत्या पानावरून जात सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. सर लिहितात, "पातं देठाला जिथे मिळतं तिथला पातळ पापुद्रा दाखवा, कणसाचा जवळून फोटो घ्या." रात्री जेवणं आटोपली की ते बसतात. कुणी एक पैसा देत नाही.

तिथला नियम असा, की किमान दोघांनी ओळख द्यायची आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की नोंद संशोधनायोग्य. म्हणजे सरांचं एक मत आणि काल खातं उघडलेल्या मुलाचंही एकच. मला हे पटत नाही. सरांच्या नावापुढे 'तज्ज्ञ' अशी खूण हवी आणि त्यांच्या मताला जास्त वजन हवं.

शहादेकर:
भाऊ, मान जरूर द्या. वजनाला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण आमच्याच गावाजवळ घडलं.

रानपिंगळा हे एक छोटं घुबड. त्याचा 1884 नंतरचा एकच नमुना, म्हणजे जपून ठेवलेला मृत पक्षी, संग्रहात होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा, गुजरातेत मांडवीला 1914 साली मिळाल्याची चिठ्ठी लावलेला. माणूस पक्षीशास्त्रातला बडा, म्हणून कित्येक दशकं कुणी शंका घेतली नाही. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं, की तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना आहे. पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. मग त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी जिवंत दिसला. ज्याच्या शब्दाला जास्त वजन, त्याची चूक पकडायला जास्त वर्षं लागतात.

माळरान_धुळे:
शहादेकर दादा, हीच गोष्ट मी उलट्या बाजूने वाचते. तो चोरलेला नमुना मुळात गोळा केला होता जेम्स डेव्हिडसन यांनी, खानदेशात नोकरीला असताना. त्यांचं नाव पुसलं गेलं, आणि नावासोबत जागा आणि सालही गेलं. कुणी पाहिलं आणि कुणी ओळखलं हा पुराव्याचाच भाग असतो. उद्या सरांनी ओळखलेल्या नोंदी वापरून कुणी शोधनिबंध लिहिला आणि सरांचं नाव कुठेच आलं नाही, तर वीस वर्षांनी शंका आली की विचारायचं कुणाला?

माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी आहे, तरी गवतांमध्ये मी सरांना विचारते. म्हणून खूण लावाच. पण ती गवतांपुरती लावा. कोळ्यांच्या फोटोवर त्याच खुणेचा धाक नको.

केळीबाग (रावेर):
मला खुणेचीच भीती वाटते. माणूस खुणेमागे धावतो. फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेत मी हे स्वतः केलं आहे. यादी लांबवण्याच्या नादात साध्या पिंगळ्याची रानपिंगळा म्हणून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली. तिथे नोंदी तपासणारेही स्वयंसेवकच. त्यांनी शांतपणे विचारलं, "डोक्यावर पांढरे ठिपके होते का?" ठसठशीत होते. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं, छातीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. त्या एका प्रश्नाने मी पक्षी बघायला शिकलो. विचारणाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही, आणि त्यांना त्याची फिकीर असेल असं वाटत नाही.

माळरान_धुळे:
त्यांना फिकीर नसेल भाऊ, तुम्हाला असायला हवी.

अक्राणी_पायवाट (धडगाव):
तुम्ही सगळे मोबाइल असलेल्यांचंच बोलताय. आमच्याकडे येणाऱ्या अभ्यासकाला घुबडाची ढोली दाखवतो तो गुरं चारणारा पावरा आदिवासी माणूस. खातं नाही, पदवी नाही. फोटो जातो अभ्यासकाच्या नावावर, ओळख पटवणारा होतो तज्ज्ञ, आणि हा कुठेच नाही. नोंदीत एक रकाना त्याच्या नावाचा करा, अर्थात त्याला विचारून. त्यानंतर खुणेचं बोलू.

चाळीसगावकर:
वजन द्यायचंच तर कामावरून ठरवा. गॅलक्सी झू या संकेतस्थळावर हजारो हौशी लोक दीर्घिकांचे आकार ओळखतात. तिथे ज्याची उत्तरं इतरांशी सतत विसंगत, त्याच्या मताचं वजन हिशेबात कमी धरतात. नाव किंवा पद कुणी बघत नाही. आणि नावही राखलं जातं. 2007 मध्ये हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एक निळसर अजब वस्तू दिसली, ती आज 'हॅनीज व्हूरवर्प', म्हणजे 'हॅनीची वस्तू', याच नावाने ओळखली जाते.

दुसरं म्हणजे खर्चाचं बघा. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं. पेठेतल्या मालावरच्या कराचा वाटाही मठाला लावून दिला. लेखातला तो भाग तर जुन्या मराठीत आहे, व्यापाऱ्याला कळावा असा. विद्येचा मान म्हणून तेव्हा रोजच्या खर्चाची सोय केली होती. सरांना भिंग आणि इंटरनेटचा खर्च कोण देतं, हे कुणी विचारलंय का?

तापीकाठ:
नव्हतं विचारलं. आज फोन केला. भिंग त्यांचं स्वतःचं, शाळेत असतानाचं, काचेला चरा गेलेला. जळगावातून नवं घेऊन रविवारी चोपड्याला जातोय. मताच्या वजनाचा आग्रह सोडला. नाव आणि गवतांपुरती खूण, यावर ठाम आहे. गुराख्याच्या रकान्याचं आधी डोक्यातच आलं नव्हतं, तो हवाच.

शहादेकर:
नावाला आणि रकान्याला माझा होकार. खुणेला अजून नाही. गवतांपुरती असली तरी नवख्या मुलाला "सर, इथे तुमचं चुकलंय" असं लिहायला ती अडवेल. भिंगाच्या पैशांत माझा वाटा धरा, रविवारी मीही येतो.