अनुभव धागा: करडाचे पाय

बदलापूर (धागा सुरू करणारी)

करडू वाकड्या पायाचं निघालं, लंगडायला लागलं किंवा उठेनासं झालं, की आपल्या भागात मेडिकलमधून पहिली येते ती कॅल्शियमची बाटली. शेजारी सांगतात, दुकानदार सांगतो, बाटली रिकामी होते आणि करडू तिथंच पडलेलं असतं. पायाचं दुखणं एक नाही, पाच-सहा प्रकारची आहेत. त्यातली काही आपोआप बरी होतात, काहींना त्याच दिवशी सुई लागते, आणि एक तर असं आहे की करडू जन्मायच्या आधीच उपाय करावा लागतो. म्हणून हा धागा.

लिहिताना एवढं जरूर सांगा: पाय जन्मतः तसा होता की नंतर झाला, पुढचा की मागचा, सांधा हाताला गरम लागत होता का, आणि शेळी गाभण असताना तिला खायला काय होतं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेळी पाच महिने गाभण असते, पण करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या काळात आईला नुसता भाताचा पेंढा मिळाला, तर तिच्या अंगात नाही ते पिल्लाच्या अंगात कुठून येणार? पेंढ्यात फॉस्फरस नावालाच असतो, आणि त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियमही अंगी लागत नाही.

मुरबाड, सरळगावच्या पुढे

पहिलटकरीण शेळी, पोटात एकच पण भलं मोठं करडू. ओढूनच काढावं लागलं. पुढचे दोन्ही पाय खुराच्या वरच्या सांध्यातून मागे दुमडलेले. खूर टेकतच नव्हता, मुठी टेकून रांगणाऱ्या पोरासारखं दुमडलेल्या सांध्यावर चालत होतं. सांध्यावरची कातडी लगेच सोलवटली.

आमच्या वडीलधाऱ्यांचं मत डाग द्यायचं होतं. मी ठाम नाही म्हणालो आणि इथंही ठामपणे लिहितो: डागून शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, मोकळी होत नाही. भाजलेल्या जागी माशी बसते, अळ्या पडतात, आणि पायाच्या जोडीला जखम सांभाळत बसावं लागतं.

डॉक्टरांनी आधी हाताने पाय हळूच ताणून पाहिला. सरळ झाला. म्हणाले, हाड शाबूत आहे, मागची शीर आखडली आहे. पोटात जागा कमी पडली की असं होतं. मग त्यांनी दाखवलं तसं बांधलं. वायरिंगची पीव्हीसी नळी उभी चिरून अर्धी घेतली, तिच्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. पायाला कापूस जाड गुंडाळायचा, तो नळीच्या दोन्ही टोकांच्या बाहेर आला पाहिजे, नाहीतर नळीची कड मांसात रुतते. नळी पायाच्या मागच्या बाजूने लावायची आणि वरून क्रेप बँडेज. बांधल्यावर तासाभराने खूर हातात धरून बघायचा. गार लागला किंवा वरचा भाग फुगला तर लगेच सोडायचं. रोज एकदा सोडून पाय चोळायचा, हळूहळू ताणायचा, थोडा वेळ मोकळं चालू द्यायचं, परत बांधायचं. करडाचं हाड रोज वाढतं, त्यामुळे कालची पट्टी आज घट्ट होते.

आठवड्याच्या आत खूर सपाट पडायला लागला. पण त्याआधीचं काम विसरू नका. असं करडू सडापर्यंत पोचत नाही. पहिल्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसभरात दोनशे मिली, थोडा थोडा करून. आम्ही आईला धरून सड त्याच्या तोंडात दिला, पायाचं नंतर बघितलं.

घणसोली गावठाण

वरच्या दादांच्या उलटा प्रकार आमच्याकडे. बकरीला तिळं झालं. सगळ्यात बारीक मादीचे मागचे पाय एवढे ढिले की खुराची टोकं वर आणि टाच भुईला. मी पट्टी बांधायच्या तयारीत होते, डॉक्टरांनी थांबवलं. आखडलेल्या शिरेला आधार लागतो, ढिल्या शिरेला काम लागतं. बांधून ठेवली तर ती आणखी ढिली पडते.

पडवीत गुळगुळीत लादी होती. तिथून उचलून गोणपाट अंथरलेल्या मातीत ठेवलं, की पाय पसरणार नाहीत. तिळ्यात दोघं दांडगी आणि ही सडाजवळून कायम ढकलली जायची, म्हणून तिला बाटलीने आईचंच दूध दिलं. अंगात ताकद आली तशी टाच उचलायला लागली. औषध असं काही द्यावं लागलं नाही.

आणखी एक सांगते, कारण आमच्या बाजूला हे फार चालतं. तुर्भ्याच्या भाजी मार्केटातून कोबी-फ्लॉवरचा पाला मिळतो आणि बकऱ्या तो आवडीने खातात. आमच्या आळीत एकीची गाभण बकरी जवळपास त्याच पाल्यावर होती. करडू जन्मलं ते गळ्याखाली गाठ घेऊन, अंगावर केस विरळ, उभं राहायला जमेना. सगळे पाय तपासत बसले, डॉक्टरांनी आल्याबरोबर गळ्याला हात लावला. आयोडीन कमी पडलं होतं. कोबीवर्गातला पाला रोज भरपूर गेला की आयोडीन शरीराला वापरता येत नाही. ते करडू दगावलं. पाला द्या, पण गाभण बकरीला तोच एक चारा नको. आणि मीठ आयोडीनचंच घाला.

भिवंडी, पडघा

थोडक्यात. करडू आठवडाभराचं, जन्मतः ठणठणीत, उड्या मारणारं. एका सकाळी पुढचा एक पाय टेकेना. गुडघा सुजलेला आणि गरम. दुसऱ्या दिवशी मागचाही. सगळे म्हणाले आईने तुडवलं असेल. नाळ पाहिली तर जाडसर, ओली, दाबल्यावर पू. नाळेतून जंतू रक्तात जाऊन सांध्यात बसतात. अशा वेळी कॅल्शियमचा काही संबंध नाही, अँटिबायोटिक लागतं आणि ते लवकर लागतं. उशीर झाला तर सांधा कायमचा धरतो.

आता व्यायच्या वेळी टिंक्चर आयोडीन छोट्या झाकणात ओततो, नाळ पूर्ण त्यात बुडवतो, झाकणातलं उरलेलं फेकतो. नुसतं वरून बोटाने लावू नये, खालचं टोक कोरडं राहतं. आणि व्यायची जागा कोरडी हवी. पावसात हे सोपं नाही हे मला माहीत आहे, तरी एक कोपरा तेवढा राखून ठेवा.

ठाणे, येऊर

आमच्याकडची अडचण बिबट्याची. रात्रीच नाही, पावसाळ्यात दिवसाही करडं मोकळी सोडायची हिंमत होत नाही. त्यामुळे ती पत्र्याच्या बंद खोलीत, खिडकी म्हणजे एक झरोका. जूनमध्ये दूध पिणारी करडं गणपतीपर्यंत चांगली अंगाने भरलेली दिसतात, पण पुढचे पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकतात, गुडघ्याशी हाड जाड लागतं, चालताना अडखळतात. सांधा गरम नसतो. ताप नसतो. हा मुडदूस.

कॅल्शियम दिलं जात होतंच, तरी पाय वाकले, हेच आम्हाला कोडं होतं. उन्हाशिवाय कातडीत डी जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसलं की पाजलेलं कॅल्शियम आतड्यातून अंगात जातच नाही. त्यात खुराक म्हणून गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, जास्त. भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम थोडं. खरं तर कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असायला हवं. म्हणजे दोन्हीकडून उलटं.

डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाची सुई दिली, भुसा कमी करायला लावला, खनिज मिश्रण सुरू केलं. आम्ही खोलीची पूर्वेची भिंत कमरेपासून वर काढून तिथं दाट जाळी बसवली, वर छताला आणि खाली पायाला लोखंडी पट्टीने जखडली. बिबट्या आत येऊ शकत नाही, उघडीप मिळाली की सकाळचं ऊन येतं. ज्यांचे पाय थोडे वाकले होते ते वाढीबरोबर बरेच सरळ आले. जास्त वाकलेल्या एकाचे तसेच राहिले. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, खोली बंद ठेवा पण अंधारी ठेवू नका.

शहापूर, डोळखांब

वाचताना राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचं करडू दीड-दोन महिन्यांचं होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग पळताना मागची बाजू डोलायला लागली. पुढचे पाय नीट, कमरेखालचे भलतीकडेच. वळताना पडायचं. डोळे तरतरीत, भूक चांगली, पाल्याची डहाळी दाखवली की पुढच्या पायांवर ओढत यायचं. गावात म्हणाले वारं गेलं. कुणी म्हणालं साप शिवला.

डॉक्टरांनी आमच्या विहिरीचं पाणी बघायला मागितलं. हंडा रात्रभर ठेवला की तळाला तांबूस गाळ बसतो, भांड्यांना डाग पडतात. पाण्यात लोह. लोह फार झालं की तांबं अंगी लागत नाही. रक्त तपासायला पाठवलं, करडाचं आणि आईचं. दोन्हीत तांबं कमी. गर्भात असताना आणि जन्मल्यावर पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर जे आवरण चढतं, त्याला तांबं लागतं. ते चढलंच नाही तर नंतर कितीही तांबं द्या, कण्यात झालेलं नुकसान भरून येत नाही. डॉक्टरांनी हे आम्हाला तोंडावर सांगितलं याचं मला बरं वाटतं. खोटी आशा दिली असती तर ते जनावर आणखी महिनाभर फरफटलं असतं.

पुढच्या वेताला त्याच शेळीला गाभणपणाच्या मधल्या काळात डॉक्टरांच्या हिशोबाने तांबं दिलं, आणि पिण्यासाठी पावसाचं पन्हळीचं पाणी टाकीत साठवलं. जुळं झालं, दोन्ही पळतात. माझ्या माहितीत अजून तीन पाड्यांवर अशी डोलणारी करडं आहेत. तुमच्याकडे असतील तर करडावर पैसे घालवण्याआधी आईचं रक्त तपासून घ्या.

पशुवैद्यक, कल्याण

डोळखांबच्या दादांनी लिहिलंय ते अगदी बरोबर, पण कुणी वाचून दुकानातून मोरचूद आणून पाजू नका. मोरचूद तांब्याचंच असतं, आणि जास्त झालं की यकृत निकामी करतं. ज्यांच्या कळपात मेंढ्याही आहेत त्यांनी तर शेळ्यांचं खनिज मिश्रण मेंढ्यांपुढे ठेवूच नये. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं.

एक प्रकार अजून कुणी लिहिला नाही, तो सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. करडू काठीसारखं ताठ चालतं, मागच्या मांड्यांचे स्नायू कडक लागतात, उठायला त्रास होतो, कधी दूध ओढायचीही ताकद राहत नाही. हृदयाच्या स्नायूवर परिणाम झाला असेल तर चांगलं दिसणारं करडू पळता पळता कोसळतं. वेळेत सुई मिळाली तर सुधारणा पटकन दिसते. पण सेलेनियमचा औषधी डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं आहे, म्हणून वजन करूनच देतात. अंदाजाने टोचू नका.

ताठ म्हटलं की धनुर्वातही आठवा. कानाला बिल्ला मारल्यावर किंवा खच्ची केल्यावर काही दिवसांनी चारही पाय लाकडासारखे, जबडा बंद, आवाजाने दचकणं. तो खनिजाचा आजार नाही. गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस दिली की संरक्षण चिकातून करडाला मिळतं.

तळोजा

आठवडाभराचं करडू अचानक चिंधीसारखं लुळं पडलं. हगवण नाही, सूज नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तात आम्ल वाढलंय. दूध थोडा वेळ बंद करून खायचा सोडा पाण्यात दिला, संध्याकाळपर्यंत उभं. पायाचा रोग समजून नुसतं चोळत बसलो असतो तर गेलं असतं.

घणसोली गावठाण

डॉक्टर, गाभण बकरीला खनिज मिश्रण रोज किती द्यायचं? चाटण वीट टांगली तर चालेल का? आणि रात्री-अपरात्री करडू पडलं तर तोवर घरी काय करायचं?

पशुवैद्यक, कल्याण

ताई, मोठ्या शेळीला दिवसाला १० ते १५ ग्रॅम, खुराकात कालवून. वीट जोडीला टांगा, पण एखादी बकरी चाटते, एखादी तोंडही लावत नाही, त्यामुळे फक्त विटेवर भिस्त नको. गाभण काळात शेवरी, हदगा असला झाडपाला जोडीला द्या. सुबाभूळ थोडाच, त्यातला मिमोसिन कोबीसारखाच आयोडीनच्या आड येतो.

करडू पडलं की आधी त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर आधी अंग कोरडं करून ऊब द्या, मगच दूध. बोट चोखत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, फुप्फुसात जातं. नाळ बघा, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवा, पाय हळूच ताणून सरळ होतो का बघा. मग १९६२ वर फोन करा, हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. एवढं बघून सांगितलंत तर समोरच्या डॉक्टरला निघण्याआधीच कळतं की सोबत कुठली सुई घ्यायची.