परीक्षा कुणाची, सुट्टी कुणाची
'आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, नापासाची भीती गेली आणि पोरं बिघडली' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. आमच्या जत (जि. सांगली) भागातली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. पोराचं शाळेचं दुसरं सत्र उसाच्या फडातच जातं. राज्याच्या 2023 च्या नियमानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास पूरक मार्गदर्शन, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही राहिला तर तोच वर्ग. पण ते दोन महिने बहुतेक मे-जूनचे, शाळेला कुलूप! मार्गदर्शन करणार कोण, शिपाई? (वाडीवरच्या शाळेत तोही नसतो म्हणा.) चाचणी घ्याच, पण दिवाळीआधी. कच्चं पोर तेव्हाच कळलं तर आईबापांशी बोलून हंगामी वसतिगृहात (आईबाप तोडीला गेल्यावर पोरांच्या राहण्याची सोय) ठेवता येईल.