मदत हवी आहे: एलएनजीचा ट्रक आठवडाभर उभा राहिला तर टाकीतील इंधनाचे काय होते?

नमस्कार. आमचा नागपूरहून मुंबईला मालवाहतुकीचा छोटा व्यवसाय आहे. जुलै 2021 मध्ये नितीन गडकरी यांच्या हस्ते नागपुरात एलएनजी पंपाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून वडिलांच्या मनात एलएनजीवरील ट्रक घेण्याचा विचार आहे. पैसे गुंतवण्यापूर्वी हे इंधन मला मुळातून समजून घ्यायचे आहे.

एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला, आणि त्यामुळे सुमारे 600 पट कमी जागेत मावणारा, एवढे मला कळले आहे. स्वयंपाकघरातील एलपीजी नुसत्या दाबाने द्रव होतो, मग मिथेनला एवढी थंडी कशाला, हा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. उणे 82 अंशांहून गरम असलेला मिथेन कितीही दाबला तरी द्रव होत नाही, हे वाचल्यावर तो सुटला.

खरी अडचण पुढेच आहे. दिवाळीत चालक गावी जातात आणि ट्रक आठ दिवस पत्र्याच्या बंद शेडमध्ये उभे असतात. तेवढ्या दिवसांत टाकीतील द्रव तापून वायू झाला तर तो जातो कुठे, आणि गळती वासावरून कळते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:
आपली शंका अगदी योग्य आहे. या टाकीला शीतयंत्र नसते. थर्मासप्रमाणे दोन भिंती आणि मध्ये निर्वात पोकळी असते. तरीही थोडी उष्णता आत शिरतेच, द्रव उकळू लागतो आणि दाब वाढतो. ट्रक रोज धावत असेल तर इंधन वापरले जाऊन दाब आटोक्यात राहतो. उभ्या ट्रकमध्ये मात्र दाबाने मर्यादा गाठली की सुरक्षा झडप उघडून मिथेन बाहेर सोडला जातो. ही वेळ किती दिवसांनी येते, ते टाकीच्या बांधणीवर आणि आतील इंधनावर ठरते, म्हणून विक्रेत्याकडून ती मुदत लेखी घ्यावी. सुट्टीपूर्वी टाकी भरू नये.

बंद शेडमध्ये हा ट्रक कृपया ठेवू नका. सामान्य तापमानाचा मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने पत्र्याखाली साचतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते. वासावर तर मुळीच विसंबू नये, कारण एलपीजीला वास यावा म्हणून मिसळतात ते द्रव्य एवढ्या थंडीत गोठते आणि एलएनजीत घालता येत नाही. द्रव गळत असेल तर हवेतील बाष्पाचे पांढरे धुके दिसते; वायूची गळती ओळखण्यासाठी मिथेन-शोधक यंत्रच हवे.